उलामिला आत्याचं उंडीचं तेल

माझी आत्या उलामिला दिवसभर बोलायची. कोंबड्यांशी, पाद्रीणबाईंशी, चुलीशी, येणाऱ्या-जाणाऱ्याशी, कुणी नसलं तर समुद्राशी. अख्ख्या गावात एकाच माणसाशी ती बोलायची नाही. तो माणूस माझा बाप होता, तिचा पाठचा सख्खा भाऊ पेथेली.

त्यांचं भांडण नव्हतं. आमच्याकडे बहीण-भाऊ वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांना शिवत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत, नावसुद्धा घेत नाहीत. मान राखायची रीत आहे ती. मी नर्स झाले, जग पाहिलं, तरी माझा धाकटा भाऊ समोर आला की आम्ही दोघंही खाली बघतो. फोनवर मात्र तासभर गप्पा मारतो. फोनवर तोंड दिसत नाही, त्यामुळे चालतं, असं आम्हीच आमचं ठरवून टाकलंय.

आत्या नवरा बुडाल्यावर माहेरी परत आली आणि किनाऱ्यालगतच्या घरात राहू लागली. आमचं घर जरा वर होतं. दोन्ही घरांच्या मध्ये उंडीचं जुनं झाड होतं, आमच्या बोलीतला ‘दिलो’, समुद्राकडे इतकं झुकलेलं की भरतीला त्याच्या फांद्या भिजायच्या. त्या झाडाच्या बियांचं तेल काढायचं काम आत्याच्या आजीकडून तिच्याकडे आलं होतं. ते कुणालाही जमत नाही असं गावात मानत. बी तीच, ऊन तेच, पण हाताला गुण लागतो म्हणायचे.

उंडीचं फळ गोटीएवढं. फोडलं की आत पिवळट पांढरा गर निघतो. त्या ताज्या गरात तेल शोधाल तर थेंब मिळणार नाही. तो उन्हात पडून राहावा लागतो, महिनाभर, कधी जास्तच. हळूहळू तपकिरी होतो, चिकट होतो आणि मग कुठे तेल धरतो. तेवढ्या काळात त्याला दव लागता कामा नये आणि पाऊस तर नाहीच नाही. आत्या केतकीच्या चटईवर गर पसरायची, दिवसातून कितीदा तरी उलटायची, ढग दिसला की उचलून आत न्यायची. पुढे कुटलेला गर सालीच्या दोरांत गुंडाळून ती आणि माझी आई दोन टोकांनी पिळायच्या. हिरवं, दाट, उग्र वासाचं तेल करवंटीत उतरायचं.

हे सगळं बाबांसाठी होतं. मिसरूड फुटायच्या वयात त्यांना महारोग झाला. सरकारी बोट आली आणि त्यांना रोग्यांच्या बेटावर घेऊन गेली. आत्या किनाऱ्यावर उभी होती, पण रीत म्हणून तोंड डोंगराकडे करून. बोट दिसेनाशी झाली तेव्हाच ती वळली, असं आजी सांगायची. काही वर्षांनी बाबा गोळ्यांनी बरे होऊन परत आले. रोग गेला होता, पण पावलांतली जाणीव कायमची घेऊन गेला होता. पावलांना काटा टोचलेला कळायचा नाही आणि वर पोटऱ्यांत मात्र अशा कळा यायच्या की धिप्पाड माणूस चटई दातांत धरायचा. त्या कळांना एकच गोष्ट शांत करायची, आत्याचं कोमट तेल. ती ते करवंटीत भरून आमच्या पायरीवर ठेवायची आणि लावायची माझी आई. निखाऱ्यापाशी करवंटी ठेवून आई तेल कोमट करायची, आधी आपल्या मनगटावर टेकवून बघायची आणि मगच बाबांच्या पायाला लावायची. ही आत्याची सक्त ताकीद होती. ज्या पायाला चटका कळत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याच्या मनगटाने बघावं लागतं.

आई, म्हणजे केलेरा, या दोघांमधली निरोप्या होती. तिची आणि आत्याची जोडी गावाला करमणूक होती.

“वन्सं, तुमचा भाऊ म्हणतो, या खेपेचं तेल फार घाण वास मारतंय.”

“त्याला म्हणावं, लावायचंय, प्यायचं नाहीये.”

“तुम्हीच का सांगत नाही?”

“अगं, त्याच्याशी बोलायला कुणीतरी हवं म्हणून तर तुला सून करून आणली. नाहीतर तुझ्यात होतं काय?”

“वा! आणि तुमच्या घरच्यांना दुसरी कुणी मिळाली नाही का?”

मग दोघी एकमेकींच्या पाठीवर थापा मारून हसायच्या. पण आईची एक खोड होती. निरोप जसाच्या तसा कधीच द्यायची नाही, वर साखर पेरून द्यायची. बाबा म्हणाले, “वास येतो,” की आई सांगायची, “वास येतो, पण गुण फार आहे म्हणाले.” आत्या म्हणाली, “जरा हलत जा म्हणावं, नुसता बसून असतो,” की आई सांगायची, “काळजी करतात हो वन्सं तुमची.” दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि दोघंही आईचं बोलणं थोडं वजा करूनच ऐकायची. एरवी यात काही बिघडत नव्हतं. पुढे याच साखरेने घात केला.

मी शाळा संपवायच्या बेतात होते तेव्हाची गोष्ट. गावात पाद्रीबाबांच्या निरोपाची पंगत होती. आम्ही सगळ्या बायका, मुलं खडकांवर मासे धरायला गेलो होतो. पुरुष मळ्यात कंद खणत होते. गावात राहिले म्हातारेकोतारे, बाबा आणि गर राखायला थांबलेली आत्या.

बाबांच्या पोटरीत कळ उठली. आई नव्हती. त्यांनी चुलीतले तापलेले दगड काठीने बाहेर ओढले, त्यांतल्या एकावर करवंटी ठेवली आणि पाय पसरून, समुद्राकडे बघत, तेल कोमट व्हायची वाट बघत बसले. उजवी टाच एका दगडाला टेकली होती. वरून राखाडी दिसणारा तो दगड आतून लालबुंद होता. बाबांना काही कळलं नाही. ते एक जुनं भजन गुणगुणत होते.

आत्याला आधी वास आला. मान वर करून बघितलं तर टाचेखालून धूर निघत होता. हाकेच्या अंतरावर तिचा भाऊ जळत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

पुढे काय झालं ते तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. “तोंड उघडलं गं मी, सेरा. आवाजच निघाला नाही. वयात आल्यापासून त्याचं नाव माझ्या गळ्यात आलंच नव्हतं, ते कुठून काढू? आणि पाय त्याच्याकडे वळेनात. दुसरं कुणीतरी आणावं, एवढंच सुचलं.”

ती उलट दिशेने धावली. पाद्रीबाबांच्या घरी कुणी नव्हतं. पलीकडे काथ्या वळत बसलेले बहिरे एमोसी आजोबा तेवढे होते. आत्या त्यांच्या कानाशी किंचाळली, “वरच्या घरी जा! त्याचा पाय!” आजोबा म्हणाले, “काय? पाऊस?” तिने त्यांना हाताला धरून उठवलं, ओढत आणलं. ते बिचारे काठी टेकत जमेल तितक्या झपाझप आले. त्यांनी बाबांचा पाय ओढला तेव्हा टाच हाडापर्यंत जळाली होती. आणि बाबा विचारत होते, “काय झालं? काय जळतंय?”

आमच्या बेटावरच्या लाबासा शहरातल्या हॉस्पिटलात पाय वाचवायची खटपट झाली, पण जखम सडत वर चढली. शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मला आजही राग येतो. कुणाचा, ते मात्र सांगता येत नाही. आत्याचा यावा तर तिने जन्मभर जे शिकवलं गेलं तेच केलं. रीतीचा यावा तर मीही ती पाळते. गावात तर कुणी आत्याला बोल लावलाच नाही. “बिचारी करणार काय?” एवढंच सगळे म्हणाले. आमच्या गावात हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं, याचाच मला राग येत असावा.

बाबा कुबड्या घेऊन घरी आले, त्याच आठवड्यात आत्या क्षमा मागायला आली. आमच्याकडे क्षमा नुसती तोंडाने मागत नाहीत. देवमाशाचा दात घेऊन जायचं, जाणत्या माणसाने तो पुढे ठेवून शब्द बोलायचे आणि समोरच्याने दात हातात घेतला, तळवे पोकळ करून सावकाश टाळ्या वाजवल्या, की झालं गेलं संपलं. आत्याकडे एकच दात होता, तिच्या आजीच्या लग्नातला. तो घेऊन एमोसी आजोबा पुढे बसले आणि आत्या दाराशी मान खाली घालून. आजोबांनी सगळं रीतसर म्हटलं.

बाबांनी दाताकडे बघितलं. मग त्यांनी तो हलकेच पुढे सरकवला. “हा परत न्या,” ते म्हणाले. “इथे कुणी अपराध केलेला नाही.”

एमोसी आजोबांना पुढचं वाक्य ऐकूच गेलं नाही. आत्याला गेलं असेल, पण तिच्या डोक्यात ‘परत न्या’ एवढंच बसलं. क्षमेचा दात परत केलेला आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. ती उठली आणि कुणाकडे न बघता खाली गेली.

आई बाबांवर तुटून पडली. “अहो, घ्यायचा की हातात! तुमचं काय जाणार होतं?”

“घेतला असता तर तिने गुन्हा केला असं ठरलं असतं,” बाबा म्हणाले. “तिने माझा मान राखला. त्याची कसली माफी? जा, तिला सांग.”

आई तशीच धावत गेली आणि शब्दन् शब्द सांगितला. जन्मात पहिल्यांदा तिने निरोप जसाच्या तसा दिला असेल. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “केलेरा, तुझं मन मोठं आहे. पण माझ्यासाठी आता साखर नको पेरूस.”

“देवाशपथ, तेच म्हणाले हो!”

“तू नेहमीच तसं म्हणतेस.”

त्या दिवशी आत्याने चटईवरचा सगळा गर ओंजळी भरभरून समुद्रात टाकला. भेट म्हणून यांगोनाच्या, म्हणजे पेयाच्या मुळांच्या, जुड्या घेऊन दुसऱ्या गावांची माणसं तेल मागायला आली की ती हात जोडून परत पाठवायची. “माझ्या हाताचा गुण गेला,” म्हणायची. बोलकी आत्या गप्प झाली. कोंबड्यांनासुद्धा ती नुसतेच दाणे टाकू लागली.

आईही चिडली होती. तिने एक दिवस दोन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, “मी आजपासून निरोप नेणार नाही. माझ्यावर कुणाचा विश्वास नाही ना? मग आपलं आपण बघा.” आणि खरंच, तिने ते पाळलं. त्या दोघांमध्ये होता नव्हता तो दुवाही तुटला. वर्षं गेली. मी सावूसावूच्या हॉस्पिटलात नर्स झाले. सुट्टीला येताना बाबांसाठी गोळ्या आणायची. त्या घेऊन ते झोपायचे, पण जागे झाले की कळा तशाच. आता तर नसलेलं पाऊलही दुखायचं. “अगं, जे कापून टाकलं तेच ठणकतं,” ते म्हणायचे.

मग एका सुट्टीत आले तर बाबा उंडीखाली बसलेले. पुढ्यात फळांचा ढीग, हातात दगड. स्वतः तेल काढणार होते. जागा त्यांनी नेमकी आत्याच्या दारासमोरची निवडली होती. फळं फोडून गर त्यांनी सरळ वाळूत पसरला होता, चटईशिवाय.

आत्या दारात बसून बघायची आणि तळमळायची. “वाळूत? ओल धरेल ना खालून,” ती मला म्हणाली. “आणि उलटतच नाही. एका कुशीवर भाजतोय बिचारा गर. कुणीतरी सांगा त्याला.”

मी म्हटलं, “आई सांगेल.”

आई केस विंचरत होती. “मी? छे! मी निरोप नेत नाही,” ती फणीआडून म्हणाली.

मी स्वतः बाबांना चटई नेऊन दिली. त्यांनी ती घेतली आणि वर स्वतः बसले. मला तेव्हा वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. आता वाटतं, त्यांना सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं ते त्या तेलाची तयारी आपल्या वरच्या घरातून बघत आले होते. ते चुकत नव्हते, चुकून दाखवत होते.

रविवारी गाव टेकडीवर चर्चमध्ये होतं. बाबांना कुबड्यांवर चढ जमायचा नाही आणि आत्याला ताप होता, म्हणून दोघंच खाली राहिली. गर चांगला तपकिरी झाला होता. कसा कोण जाणे, वाळूतही त्याने तेल धरलं होतं, चकाकत होता. बाबा समुद्राकडे तोंड करून बसले होते. डोंगर त्यांच्या पाठीशी होता आणि डोंगरावरून सर खाली येत होती.

आम्ही भजनाच्या दोन कडव्यांमध्ये श्वास घेत होतो, तेवढ्यात ती हाक आली.

“पेथेली! अरे पेथेली! पाऊस आला! गर उचल!”

अख्खं चर्च थांबलं. माझ्या शेजारी आईने भजनाचं पुस्तक मिटलं. “आवाज कुणाचा गं?” तिने विचारलं, जणू तिला कळलंच नव्हतं. मग ती बाकांमधून धावत सुटली, तिच्यामागे मी, आणि आमच्यामागे निम्मं गाव.

उतारावरून मला सगळं दिसलं. आत्या दारात उभी, तोंडावर हात दाबून, आपण काय केलं ते कळून दगड झालेली. बाबा वळले नाहीत. बहिणीकडे तोंड करून बघायचं नसतं, ते त्यांनी पाळलं. पण त्यांनी दोन्ही तळवे पोकळ केले आणि सावकाश, जोरात टाळ्या वाजवल्या, क्षमेचा दात हातात घेतल्यावर वाजवतात तशा. पावसाचे टपोरे थेंब पडू लागले होते. त्या टाळ्यांचा आवाज टेकडीवर सगळ्यांना ऐकू आला.

आत्या रडत पुढे आली. बाबांच्या अगदी पायापाशी बसून ती परकराच्या ओच्यात गर भरू लागली आणि बाबा दुसरीकडे बघत मूठ मूठ गर तिच्या बाजूला सरकवत राहिले. आम्ही कुणी मदतीला गेलो नाही, जायचं सुचलंच नाही. निम्मा गर भिजला. उरलेल्याचं तेल निघालं.

आई आधी हसली, मग रडली, मग आत्यावर ओरडली. “पायासाठी नाही निघाला आवाज, आणि मूठभर बियांसाठी निघाला? कमाल आहे वन्सं तुमची!”

मला वाटलं, झालं, आता हे फार झालं. पण आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला सांग, चटई बसायला नसते.”

“सांगते,” आई म्हणाली. तिचं निरोप नेणं त्या क्षणापासून पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी चहा पिताना बाबा मला म्हणाले, “बघितलंस? नावाचा शेवट कसा ओढते. लहान असताना जेवायला हाक मारायची, अगदी तशीच.” एवढं बोलून त्यांनी चहाचा कप डोळ्यांसमोर धरला, आणि मी उठून बाहेर गेले.

त्यानंतर ती दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत, पण तेल आमच्या पायरीवर यायला लागलं. मी पुढे वाचलं की उंडीच्या गरात कॅलोफिलोलाइड नावाचं द्रव्य असतं आणि ते सूज उतरवतं. असंही वाचलं की बोर्निओच्या दलदलीत उंडीची एक चुलत बहीण वाढते आणि तिच्यातून एड्सच्या विषाणूला अडवणारं औषध शोधायची खटपट चालू आहे. मी मोठ्या हौसेने हे आत्याला सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, “चुलत बहीण म्हणतेस. मग बोलतात का गं एकमेकींशी?”

बाबा गेले तेव्हा आत्याची पाठ वाकली होती. बायकांनी त्यांना आंघोळ घातली, नवी चटई अंथरली. आत्या भिंतीला टेकून बसून होती. मग ती उठली, कोपऱ्यातली करवंटी घेतली, निखाऱ्यापाशी ठेवली आणि त्यांच्या उरलेल्या पायाजवळ जाऊन बसली. एमोसी आजोबांच्या मुलाने काही बोलायला तोंड उघडलं, पण आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. जन्मभर आत्या त्या पायासाठी तेल काढत आली होती, आणि हात मात्र आज पहिल्यांदा लावणार होती.

करवंटी कोमट झाली. तिने बोट बुडवलं, पण पायाकडे नेलं नाही. आधी एक थेंब आपल्या मनगटावर टेकवला आणि चटका बसत नाही ना, ते बघितलं.